दुखण्यातून उठलेल्याला झेपेल असे काम

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्याच संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या दोन तारखांच्या दरम्यान आपल्या बुलढाणा जिल्ह्याने काय काय सोसले, ते वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मार्च २०२० च्या अखेरीस जिल्ह्यात कोरोनाचा पहिला बळी गेला. २०२१ च्या उन्हाळ्यात आलेल्या दुसऱ्या लाटेने तर गावेच्या गावे हादरली. पुढे साथ ओसरली. बाजार उघडले, एस.टी. धावू लागली, खामगाव-मलकापूरच्या जिनिंगचे भोंगे पुन्हा वाजले. जग कामाला लागले.

पण प्रत्येक वस्तीत काही माणसे मागे राहिली. कोणी मधुमेहाचा जुना रोगी, कोणी दम्याने बेजार, कोणाचे डायलिसिस चालू, कोणाच्या घरात सिकलसेलचे दुखणे. काहीजण कोरोनातून वाचले, पण चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. या माणसांना आधी सांगण्यात आले, "तुम्हाला धोका जास्त आहे, घराबाहेर पडू नका." आणि मग एके दिवशी सांगण्यात आले, "साथ संपली, उद्यापासून कामावर या." या दोन वाक्यांच्या मधल्या पायऱ्या मात्र त्यांना कोणीच दाखवल्या नाहीत. शेजारीपाजारी विचारू लागले, "काऊन बाप्पा, अजून घरीच बसला काय?" हा प्रश्न औषधाच्या खर्चापेक्षाही जास्त बोचतो.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचे पोट हातावर आहे. अशा घरातला कमावता माणूस घरी बसला तर चूल थंडावते, आणि जिवावर उदार होऊन पूर्वीच्याच कामाला जुंपला तर तो पुन्हा अंथरूण धरतो. या दोहोंच्या मधे तिसरी वाट आहे. माणूस बदलता येत नसेल तर काम थोडे बदलावे, ही ती वाट. ही वाट खर्चिक नाही. पण ती मागावी लागते. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि क्षयासारखी जुनी साथ तर आपल्या वस्तीत कायमच मुक्कामाला आहे. म्हणून हा विषय कोरोनाबरोबर संपलेला नाही.

धोका कोणाला जास्त?

आपल्याकडे "अशक्तपणा" हा एकच शब्द सगळ्या दुखण्यांना वापरतात. त्यामुळे कोणाला खरोखर जपले पाहिजे हे कळत नाही. १ मार्च २०२१ रोजी ६० वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा ४५ ते ५९ वर्षांच्या आजारी लोकांनाही ते खुले झाले. त्यासाठी केंद्र सरकारने २० आजारांची यादी काढली होती आणि डॉक्टरचा दाखला मागितला होता. ती यादी आजही उपयोगाची आहे. हृदयाचे गंभीर विकार, गुंतागुंतीचा किंवा दहा वर्षांहून जुना मधुमेह व सोबत रक्तदाब, डायलिसिसवर असलेले मूत्रपिंडाचे रोगी, अवयव बदललेले रोगी, श्वसनाचे गंभीर विकार, कर्करोग, एच.आय.व्ही., थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा तीत समावेश होता.

यातल्या सिकलसेलकडे आपल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. विदर्भात हा आजार आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांत आढळतो. तो आईबापाकडून रक्तातून येतो, स्पर्शाने लागत नाही. या रोग्याला पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला किंवा फार अंगमेहनत झाली की हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. मालक म्हणतो, "काल धडधाकट होता, आज नाटक करतो." ते नाटक नसते, या आजाराचे स्वरूपच तसे आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याच्या कार्डावर 'एएस' असते तो केवळ वाहक असतो, रोगी नव्हे. त्याला कामापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. 'एसएस' असलेल्या रोग्याला मात्र जपले पाहिजे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. लग्न जुळवण्याआधी आणि जड कामाला लागण्याआधी तरुणांनी ही तपासणी करून घ्यावी.

या यादीत पुढे आणखी एका गटाची भर पडली. कोरोना होऊन गेला तरी ज्यांची दुखणी सरली नाहीत, असे हे लोक. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही थकवा, धाप, विसराळूपणा अशी लक्षणे असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि त्यांना दुसरे कारण सापडत नसेल, तर तो कोरोनापश्चात आजार समजावा, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. तसेच २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत, त्या रोगाने मधुमेही लोकांना गाठले. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा काढावा लागला. तेही कोणाचे तरी बाप, कोणाची तरी आई आहेत आणि त्यांनाही कमवायचे आहे.

सूट कोणाला मिळाली?

महामारीच्या काळात सरकारने या लोकांचा विचारच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२० मध्ये गृहमंत्रालयाने ६५ वर्षांवरील व्यक्ती, जुने आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुले यांनी आवश्यक कारणाखेरीज घराबाहेर पडू नये असे सांगितले. जून २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांसाठी नियमावली काढली. जास्त धोका असलेल्या कर्मचाऱ्यांना लोकांशी थेट संबंध येईल असे काम शक्यतो देऊ नये आणि जमेल तेथे घरून काम करू द्यावे, असे तीत होते. चांगले होते. टेबलावर बसणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांपैकी काहींना त्याचा उपयोगही झाला.

पण झाडू घरून मारता येत नाही. नाली घरून उपसता येत नाही. सोयाबीनची पोती घरून उचलता येत नाहीत. धुणीभांडी करणारी बाई, नगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार, रुग्णालयातला कक्षसेवक, वीटभट्टीवरचे जोडपे, भाजीचा गाडा लावणारा भाऊ यांच्यासाठी त्या नियमावलीत एक ओळ सापडत नाही. सफाईच्या कामात आपल्या दलित समाजातीलच माणसे जास्त, हे कोणाला सांगायला नको. ३० मार्च २०२० पासून सरकारी आरोग्यसेवेत कोरोनाशी लढणाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा लागू झाला होता आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले होते. ती योजना स्वागतार्हच होती. परंतु विम्याचे पैसे माणूस गेल्यावर घरी येतात. माणूस जिवंत असताना त्याला हलके काम मिळावे, याची तजवीज कोणी केली? खरा प्रश्न येथे आहे.

दाखल्यावर चार ओळी जास्त

मी कारकून माणूस. रजेचे अर्ज आणि वैद्यकीय दाखले रोज हाताखालून जातात. आजारी पडताना जो दाखला येतो त्यावर रोगाचे नाव आणि विश्रांतीचे दिवस असतात. परत येताना जो दाखला येतो त्यावर एवढेच असते की, अमुक इसम कामावर रुजू होण्यास योग्य आहे. कोणत्या कामास योग्य? किती तास? उन्हात की सावलीत? ते कोठेच लिहिलेले नसते. डॉक्टरला काम ठाऊक नसते आणि साहेबाला आजार ठाऊक नसतो. दोघांच्या मधे कर्मचारी उभा असतो आणि तो संकोचाने बोलत नाही.

या बाबतीत ब्रिटनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे २०२० साली गंभीर आजार असलेल्या वीस लाखांहून अधिक लोकांना सरकारने पत्रे पाठवून घरातच राहायला सांगितले. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०२० रोजी ही सूचना तात्पुरती मागे घेतली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती व्यवस्थाच बंद केली. तेथेही लोकांपुढे हाच प्रश्न आला. कालपर्यंत दाराबाहेर धोका होता, आज तो कसा नाही? पण त्यांच्याजवळ एक साधी सोय आधीपासून होती. २०१० सालापासून तेथील डॉक्टरच्या दाखल्यावर चार पर्याय छापलेले असतात. हळूहळू कामावर परतणे, कामाचे तास बदलणे, कामाचे स्वरूप बदलणे आणि कामाच्या जागी सोय करणे. डॉक्टर योग्य त्यावर खूण करतो. तेथील सगळेच आलबेल आहे असे नाही, पण बोलणे कोठून सुरू करावे हे त्या चार पर्यायांमुळे कळते.

आपल्याकडे छापील पर्याय नाहीत म्हणून काय झाले? डॉक्टरला तोंड आहे, आपल्यालाही आहे. दवाखान्यात जाताना आपले काम नेमके काय, ते कागदावर लिहून न्यावे. किती वजन उचलतो, किती तास उभा असतो, धूळ आहे का, रात्रपाळी आहे का, पाणी व लघवीची सोय आहे का, किती लोकांत वावर आहे, येणे-जाणे कशाने होते. मग डॉक्टरांना विनंती करावी, "साहेब, कामास योग्य एवढेच लिहू नका. काय टाळावे आणि किती दिवस टाळावे, तेही लिहा." उदाहरणार्थ, 'एक महिना जड वजन उचलू नये', 'धुळीचे काम देऊ नये', 'दर दोन तासांनी विश्रांती द्यावी', 'आठवड्यातून अमुक दिवस डायलिसिससाठी सुटी लागेल'. अशा चार ओळींना साहेब किंवा मुकादम सहसा नाही म्हणू शकत नाही, कारण नंतर काही बरेवाईट झाले तर तो कागद बोलतो. त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

रोगाचे नाव सगळ्यांना सांगितलेच पाहिजे असेही नाही. 'काय टाळावे' एवढे कळले तरी मालकाचे काम भागते. विशेषतः एच.आय.व्ही. बाबतीत २०१७ चा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संसर्ग आहे म्हणून नोकरीत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे आणि माणसाच्या संमतीशिवाय त्याची माहिती उघड करण्यावरही बंधन आहे.

काम कसे बदलावे?

काम बदलणे म्हणजे नवी नोकरी शोधणे नव्हे. आहे त्याच ठिकाणी थोडी अदलाबदल करणे. आपल्या जिल्ह्यातील नेहमीची कामे घेऊन पाहू.

जिनिंगमध्ये कापसाची धूळ फुप्फुसाला बाधते. तेथे काम करणाऱ्या दमेकऱ्याला किंवा कोरोनातून उठलेल्याला यंत्राजवळून हलवून तोलाई, नोंद किंवा फाटकावरचे काम देता येते. तोंडाला नुसता रुमाल बांधून बारीक धूळ आणि हवेतला विषाणू नीट अडत नाही. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा त्यापेक्षा पुष्कळ चांगला.

सफाईच्या कामात प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला, म्हणजे कर्करोगाचे उपचार चालू असलेल्याला किंवा मूत्रपिंड बदललेल्याला, दवाखान्याचा कचरा आणि नाली यांपासून दूर ठेवावे. त्याच्याकडे हजेरी, साहित्याचे वाटप किंवा पाण्याच्या नळाची देखरेख देता येते. दमेकऱ्याला उग्र वासाच्या औषधांचे काम देऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड तर कोणीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

शेतात आणि देऊळगाव राजाकडच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आपल्या माता-भगिनी राबतात. जाळीखाली परागीकरणाचे काम बसून-वाकून, उकाड्यात चालते. सिकलसेलच्या रोग्याला तेथे पाण्याची बाटली हाताशी लागते आणि ऊन चढण्याआधीचे तास सोयीचे पडतात. मधुमेह्याने वेळेवर भाकरी खाल्ली पाहिजे आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवली पाहिजे. साखर एकदम उतरली, घाम फुटून हात कापू लागले की ती लगेच खावी, आणि ही गोष्ट सोबतच्या बायांनाही ठाऊक असावी. घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन पाण्यात न भिजवता मातीच्या ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवता येते. मूत्रपिंडाच्या रोग्याने पाणी किती प्यावे, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. सर्वांना एकच सल्ला लागू पडत नाही.

एक डोळा गमावलेल्या माणसाला अंतराचा अंदाज सुरुवातीला चुकतो. त्याला शिडीवर, कडबाकुट्टीवर किंवा वाहनावर लगेच बसवू नये. त्याचे हात, अक्कल आणि अनुभव शाबूत आहेत. मालाची निवड, भरणी, दुकानदारी ही कामे तो उत्तम करू शकतो.

बंद खोलीचे काम असेल तर पहिले औषध म्हणजे उघडी खिडकी. कोरोनाचा विषाणू हवेतून पसरतो हे आता सर्वमान्य आहे. कोंदट खोलीत दाटीवाटीने बसलेल्यांना धोका जास्त, मोकळ्या हवेत कमी. म्हणून जोखमीच्या माणसाचे टेबल खिडकीजवळ हलवावे. त्याला खिडकीवरच्या गर्दीचे, म्हणजे लोकांचे अर्ज घेण्याचे काम न देता आतले लेखी काम द्यावे. काळीपिवळी जीपमध्ये कोंबून येण्याऐवजी अर्धा तास आधी किंवा नंतर एस.टी.ने येऊ द्यावे. सर्दी-ताप असलेल्या सहकाऱ्याने त्याच्यापासून दूर राहावे. यात कोणाचा एक पैसाही जात नाही.

पायरीपायरीने चढावे

पुष्कळ लोक पहिल्याच दिवशी पूर्वीइतके काम करून दाखवण्याचा हट्ट धरतात. "मी काही कुचकामी झालो नाही," हे सिद्ध करायचे असते. परिणाम असा होतो की दोन दिवस काम आणि पाच दिवस अंथरूण. कोरोनानंतरच्या थकव्यात हे विशेष घडते. काम करताना काही वाटत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून पडते. म्हणून थकल्यावर विश्रांती घेण्यापेक्षा थकण्याआधी घ्यावी.

डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादा साधा क्रम ठरवावा. पहिला आठवडा अर्धा दिवस आणि हलके काम. दुसऱ्या आठवड्यात एक-दोन तास वाढवावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग नेहमीसारखे असेल तरच पुढची पायरी चढावी. नसेल तर एक पायरी खाली यावे. यात कमीपणा नाही. दोन ओळींची रोजची नोंद शाळेच्या जुन्या वहीत ठेवावी. किती काम केले आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले? घरातील शिकत्या मुलामुलीने ती लिहून द्यावी. पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ही वही ठेवली तर पाच मिनिटांत सारे समजते.

आता कोणी म्हणेल, अर्ध्या दिवसाची अर्धी मजुरी, घर कसे चालावे? प्रश्न रास्त आहे. जेथे रोजंदारी आहे तेथे तास कमी करण्यापेक्षा काम बदलण्यावर भर द्यावा. उक्ते काम घेणाऱ्या टोळीने आपसात ठरवावे. जड काम तरुणांनी उचलावे. मोजदाद, स्वयंपाक, पाणी, साहित्याची राखण दुखणाईताने करावी आणि वाटा समान धरावा. रोजगार हमीच्या कामावर पाणी पाजण्याचे व मुले सांभाळण्याचे काम म्हाताऱ्या-अशक्त बायांना देण्याची रीत आपल्या खेड्यांनी पाहिलेलीच आहे. त्याच रीतीचा हा विस्तार.

घरातले काम हेही कामच

कुटुंबातील एका गोष्टीकडे कोणी पाहत नाही. पुरुष दुखण्यातून उठला तर घर त्याला जपते. बाई उठली की दुसऱ्या दिवशी चूल तिचीच असते. पाण्याचा हंडा, धुणे, चुलीचा धूर, सासऱ्यांचे पथ्य आणि त्यावर शेतातली रोजी. मजुरीला जाण्याआधीच तिची एक पाळी भरलेली असते. जिचे फुप्फुस कमजोर झाले आहे, तिला चुलीचा धूर जिनिंगच्या धुळीइतकाच वाईट. तेव्हा घरातही कामाची अदलाबदल झाली पाहिजे. हंडा मुलाने उचलावा, धुणे नवऱ्याने धुवावे, भाकरी जावेने थापावी. स्त्रीच्या श्रमाला बाबासाहेबांनी किती मोल दिले, याची भाषणे आपण दर जयंतीला ऐकतो. ते मोल घरच्या मोरीपर्यंत पोचले पाहिजे.

मनाच्या दुखण्याचेही तसेच. कित्येकांना गर्दीत जायची भीती बसली आहे. कोणाच्या डोळ्यांदेखत शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. अशा माणसाला भित्रा म्हणून हिणवू नये. सुरुवातीचे दोन-चार दिवस कोणीतरी त्याच्यासोबत कामाच्या जागेपर्यंत जावे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कायद्याचा आधार

भारतीय राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा हक्क आणि आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क, दोन्ही एकाच दमात सांगितले आहेत. ४२ वा अनुच्छेद कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीबद्दल आहे. हे अनुच्छेद राज्याला मार्गदर्शक आहेत, कोर्टात थेट बजावून घेता येत नाहीत; पण त्यांतून पुढे कायदे निघतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवली गेली. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. आज आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो तो हाच वारसा.

ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची पाऊण टक्का कपात होते त्यांना, हजेरीच्या अटी पूर्ण असतील तर, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के दराने भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग अशा ठरावीक दीर्घ आजारांत तो ८० टक्के दराने आणि दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. कपात होते पण कार्ड कधी पाहिले नाही, असे कामगार पुष्कळ आहेत. त्यांनी पगारपत्रक मागून पाहावे.

नोकरीत असताना विकलांगता आली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २० वे कलम पाहावे. सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती. कुणाल सिंग या शिपायाचा पाय सेवेत असताना गेला आणि त्यांना घरी बसवण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली याच तरतुदीवर बोट ठेवून त्यांना न्याय दिला. या कायद्यातील २१ प्रकारांच्या विकलांगतेत सिकलसेलही आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते.

सरकारी नोकरांसाठी रजेचे मार्ग आहेत. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. बिनपगारी होण्याआधी हा हिशेब आस्थापना लिपिकाकडून करून घ्यावा. कंत्राटी आणि खासगी कामगारांचा आधार यापेक्षा तोकडा आहे, हे कबूल केले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र आणि चाळिशीपुढील कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, असे त्यांचे वैशिष्ट्य केंद्र सरकारने सांगितले आहे. तेव्हा मुकादमाकडे या दोन गोष्टी मागायला लाजू नये. तपासणीत आजार निघाला म्हणून माणूस काढून टाकला जाणार नाही, यावर मात्र संघटनेने डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे.

क्षयरोग्याबद्दल एक शब्द. नीट औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून संसर्गाचा धोका खूप कमी होतो. उपचार मात्र निदान सहा महिने पुरे करावे लागतात. डॉक्टरने हरकत नाही म्हटल्यावर त्याला कामावरून, पंगतीतून किंवा विहारातून दूर ठेवणे म्हणजे एक नवी अस्पृश्यताच होय. पोषण आहारासाठी निक्षय योजनेत पूर्वी दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले आहेत. ते बँक खात्यात आले का, याची चौकशी करावी.

वस्तीने काय करावे?

एकट्या माणसाचा अर्ज टोपलीत जातो. पाच माणसे सोबत गेली की साहेब खुर्ची देतो. म्हणून प्रत्येक वस्तीत दोन-तीन शिकलेल्या तरुण-तरुणींनी हे काम अंगावर घ्यावे. विहारात महिन्यातून एक रविवार ठेवावा. त्या दिवशी दुखणाईत बंधू-भगिनींचे कामाचे वर्णन लिहून द्यावे, अर्ज तयार करावेत, कोणाची औषधाची फेरी चुकली आहे ते पाहावे. आशाताईंना बोलवावे, कोणत्या घरात कोण आजारी आहे हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. महिला बचत गटांनी आजारातून उठलेल्या बहिणीचा हप्ता दोन महिने पुढे ढकलण्याचा ठराव करावा. मालकाकडे जायचे असेल तर भांडायला म्हणून जाऊ नये. दाखला पुढे ठेवून, "हा माणूस तुमच्याकडे इतकी वर्षे इमानाने राबला, त्याला महिनाभर हे काम द्या," असे सांगायला जावे. अनुभवी माणूस गमावण्यापेक्षा त्याला महिनाभर सांभाळणे मालकालाही स्वस्त पडते.

सवयी बदलणे आपल्याला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. १४ एप्रिल २०२० रोजी आपल्या समाजाने बाबासाहेबांची जयंती मिरवणुकीविना घराघरांत दिवे लावून साजरी केली. आयुष्यात ज्यांनी एकही जयंती चुकवली नव्हती, ते म्हातारेकोतारेही त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून लाखो माणसांनी स्वतःला आवर घातला. जो समाज एवढे करू शकतो, त्याला एका दमेकऱ्याचे टेबल खिडकीजवळ सरकवणे अवघड नाही.

आजारी माणसाला दया नको असते. त्याला त्याची हजेरी हवी असते, महिन्याच्या शेवटी आपल्या हाताने घरात द्यायचा पैसा हवा असतो आणि मुलांच्या डोळ्यांत आपण बाप आहोत, आई आहोत, हे दिसायला हवे असते. तेव्हा या आठवड्यात आपल्या गल्लीत कोण घरी बसले आहे ते पाहा. "अजून घरीच काय?" असे न विचारता, "तुला कोणते काम झेपेल?" असे विचारा. उत्तर मिळाले की कागद-पेन घेऊन त्याच्या शेजारी बसा.